बिरड्याच्या सणाचे चित्र कोण काढणार?

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीच्या तोंडावर दादर आणि गिरगाव येथील पुस्तकांच्या दुकानांत पालकांची जी वर्दळ सुरू होते, तिच्यातून वाट काढून मुलांच्या कप्प्यापर्यंत पोचले आणि तेथील रंगीत मुखपृष्ठे सावकाशीने चाळली, तर सणावारांविषयी मराठी प्रकाशकांच्या ठायी आस्था नाही असे कोणास म्हणता येणार नाही. गणपती आहे, हंडी फोडणारा कान्हा आहे, पाताळातून वर्षाकाठी एकदा येणारा बळी आहे. नाताळचा लाल डगलेवाला म्हातारा तर आता इतका घरचा झाला आहे की मराठी बालवाडीच्या वार्षिक समारंभाचे पान त्याच्यावाचून हलत नाही. क्वचित एखाद्या पानावर ईदच्या शिरखुर्म्याची वाटीही आढळते. मात्र ज्या समाजाने या मुंबईत सव्वादोनशे वर्षे मराठीत संसार केला, मराठीत भांडणतंटे केले आणि देवाची हिब्रू आळवणीही मराठीतूनच समजून घेतली, त्या बेने इस्रायल समाजाच्या एकाही सणाचे मराठी चित्रपुस्तक माझ्या पाहण्यात आलेले नाही. ही उणीव किरकोळ नाही, आणि ती भरून काढण्याचे काम त्या समाजाच्याच माथी मारून मोकळे होणे मराठी प्रकाशनव्यवसायास शोभणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ती भरून काढताना परदेशी चित्रपुस्तकांची भाषांतरे करण्याचा सोपा मार्ग कोणी पत्करू नये, हे त्याहूनही स्पष्ट मत आहे.

कोकणात अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांनी बुडालेल्या सोबत्यांना तेथेच मूठमाती दिली, आणि पुढे गावोगाव तेलाचे घाणे चालवीत त्यांची प्रजा वाढली. शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा त्यांचा शिरस्ता असल्यामुळे शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले, अशी या समाजाची आपल्या मूळपीठाविषयीची कथा आहे. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेकर, केहिमकर या आडनावांत जुन्या कुलाबा जिल्ह्याचा अर्धा नकाशा सामावलेला आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत हे लोक पलटणींतून आणि कारखान्यांतून चाकरीस मुंबईत आले, आणि पलटणीतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मांडवी भागात या शहरातील पहिले सिनेगॉग बांधले. समाजाच्या बोलीत ती ‘जुनी मशीद’, आणि मशीद या रेल्वे स्थानकाचे नाव तिच्यावरूनच पडले असे समाजातील वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगत आलेली आहेत. पुढे वस्ती उमरखाडी, भायखळा, आग्रीपाडा, सातरस्ता अशी उत्तरेकडे सरकत परळच्या गिरण्यांच्या सावलीपर्यंत आली. आज सातरस्त्याकडून वरळीस जाणारा नोकरदार ज्या डॉ. ई. मोझेस मार्गाने जातो, ते डॉक्टर एलिजा मोझेस राजपूरकर १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. भाद्रपदात लालबागच्या दर्शनासाठी चिंचपोकळीस उतरणारी लक्षावधी माणसे तेथील जुन्या ज्यू दफनभूमीच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावरून जातात. ‘बूट पॉलिश’ मधला जॉनचाचा ज्यांना आठवतो, त्यांतील किती जणांना डेव्हिड हा चेऊलकर होता हे ठाऊक असेल, कोण जाणे. इतका हा शेजार निकटचा, आणि इतकी त्याची ओळख पुसट.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, या विषयाची अवस्था नेमकी उलट आहे. तेथे ज्यू सणांवरील चित्रपुस्तकांचे एक स्वतंत्र दालनच उभे राहिले आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २००५ साली सुरू झालेल्या पीजे लायब्ररी नावाच्या उपक्रमातून तर ज्यू मुलांच्या घरी दरमहा एक पुस्तक टपालाने आणि विनामूल्य जाते, अशी तरतूद एका धर्मादाय प्रतिष्ठानाने करून ठेवली आहे. या पुस्तकांतील उत्तम पुस्तके खरोखर उत्तम आहेत, हे मान्य करण्यात मला यत्किंचित संकोच वाटत नाही. एरिक किमेल यांनी लिहिलेले आणि ट्रिना शार्ट हायमन यांनी चितारलेले, १९८९ साली निघालेले हर्शल आणि हनुक्काची भुते यांचे पुस्तक पाहावे: ओसाड सिनेगॉगमध्ये ठाण मांडून बसलेल्या भुतांना एक भुकेला, फाटका, परंतु अक्कलहुशारीने भरलेला वाटसरू रोज रात्री एकेक करून कसा बनवतो, याची ती कथा. तिच्यातील भुतांचे चेहरे पाहून कोकणातल्या आजीच्या तोंडून वेताळ-मुंज्यांच्या गोष्टी ऐकलेले मूलही खुर्ची सावरून बसेल.

परंतु या दालनात थोडा वेळ घालविला की एक गोष्ट ध्यानात येते; ती अशी की तेथे राज्य एकट्या हनुक्काचे आहे. आठ रात्री दिवे लावण्याचा हा सण ज्यू धर्मशास्त्राच्या दृष्टीने दुय्यम, पण तो नाताळच्या आसपास येतो, आणि शेजारच्या घरी झाड सजत असताना आपल्या मुलाने खट्टू होऊ नये या अमेरिकन मातापित्यांच्या स्वाभाविक काळजीपोटी त्याला जे महत्त्व चढले, ते पुस्तकांच्या बाजारातही उतरले. भारताचा त्या दालनात प्रवेश झाला तोही याच दाराने. पामेला एहरेनबर्ग यांचे २०१७ सालचे हनुक्काच्या डोशांवरचे चित्रपुस्तक, अंजन सरकार यांच्या चित्रांनी नटलेले, भारतीय आणि ज्यू अशा दुहेरी वारशाच्या अमेरिकन कुटुंबाविषयी आहे. सतत कुठेतरी चढून बसणारी धाकटी बहीण आणि तव्यावरचे डोसे यांनी ते मोठे खेळकर झाले आहे, आणि तेलात तळण्याच्या सणाला डोशाची जोड देण्याची कल्पना फर्मास आहे यात वाद नाही. तथापि पेण-पनवेलच्या, आग्रीपाड्याच्या, मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा त्या पुस्तकाशी संबंध नाही, आणि लेखिकेने तसा दावाही केलेला नाही. उद्या एखाद्या उत्साही मराठी प्रकाशकाने ‘ज्यू सणावर आपल्याकडेही काही असावे’ असे मनात आणून यांपैकी एखाद्या पुस्तकाचे हक्क विकत घेतले, तर मराठी मुलाच्या हाती न्यूयॉर्कच्या हिवाळ्यातील खिडकी येईल, आणि सातरस्त्याची खिडकी बंदच राहील.

यातील विरोधाभास असा, की हनुक्का हाच सण आपल्या कोकणातील ज्यूंना मुळात ठाऊक नव्हता. जेरुसलेमच्या मंदिराच्या ज्या पुनःशुद्धीच्या स्मरणार्थ हा सण पाळतात, ती घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपला ग्रंथ सिद्ध केला (तो छापून निघाला मात्र १९३७ साली, तेल अवीव येथे), आणि त्यात या अज्ञानाचाच पुरावा करून आपले पूर्वज त्या घटनेच्या आधी मायभूमीतून निघाले असले पाहिजेत असा युक्तिवाद मांडला. आधुनिक संशोधकांच्या कसोटीस तो कितपत उतरेल हा मामला निराळा. जे ठाऊक नाही त्यावरून तारीख ठरविणे हे नेहमीच जोखमीचे. पण वस्तुस्थिती म्हणून इतके उरतेच, की जगातील ज्यू चित्रपुस्तकांचा सर्वांत मोठा विषय आणि मराठी ज्यूंचे जुने पंचांग यांची गाठ बऱ्याच उशिरा, कोचीनहून व इतर ठिकाणांहून आलेल्या शिक्षकांच्या आणि छापील ग्रंथांच्या द्वारे पडली.

मग त्या जुन्या पंचांगात होते काय? केहिमकरांनी दिलेली नावेच पाहावीत. नव्याचा सण, म्हणजे नव्या वर्षाचा पहिला दिवस. त्याच तिश्री महिन्याच्या चौथ्या दिवशी खिरीचा सण: नव्या धान्याची, नारळाच्या रसातली गोड खीर करावयाची, ऊद जाळावयाचा, आणि ‘ऐक, हे इस्राएला’ या अर्थाची ती एक प्रार्थना, जी बाकी सारे विस्मृतीत गेले तरी या लोकांच्या जिभेवर टिकून राहिली होती, ती म्हणावयाची. मग दारफळणीचा सण: त्या दिवशी कडकडीत उपवास, अंगावर पांढरी वस्त्रे, घराची दारे लावलेली आणि परक्याचा स्पर्श वर्ज्य, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, ज्या दिवशी दारे उघडून दानधर्म करावयाचा आणि इष्टमित्रांच्या भेटी घ्यावयाच्या. फाल्गुनात होळीच्या सुमारास येतो म्हणून एस्तेर राणीच्या सणास होळीचा सण म्हणत, आणि वल्हांडणास, म्हणजे पासोव्हरला, अनाशी ढाकाचा सण. जगभरच्या ज्यूंनी ज्या दिवसांना हिब्रू नावांनी ओळखले, त्यांना कोकणातल्या या लोकांनी चुलीवरच्या भांड्यांची आणि घराच्या दारांची नावे दिली. ग्रंथ जवळ नव्हते तेव्हा पंचांग सांभाळण्याची कामगिरी स्वयंपाकघराने केली.

या सर्वांत माझे मन ज्याच्यापाशी अडते तो बिरड्याचा सण. आब महिन्याच्या नवव्या दिवशी, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या संधीस, जेरुसलेमची दोन्ही मंदिरे उद्ध्वस्त झाली या दुःखाचा हा दिवस. त्याच्या आधीचे काही दिवस मांसाहार वर्ज्य, आणि त्या दिवशी मोड आलेल्या वालाचे बिरडे. आता वालाचे बिरडे म्हणजे काय हे गिरगावात, दादरमध्ये, कोणत्याही कायस्थ प्रभूच्या, पाठारे प्रभूच्या किंवा अलिबागकडून आलेल्या घरात समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वाल रात्री भिजत पडतात, दुसऱ्या दिवशी फडक्यात घट्ट बांधले जातात, कोंब डोकावू लागले की कोमट पाण्यात टाकतात, आणि मग घरातील जी माणसे रिकामी सापडतील, त्यांत मुले आधी, ती परातीभोवती सोलायला बसविली जातात. टोकाला नखाने किंचित दाबले की पिवळसर हिरवी डाळिंबी सालातून सुळकन निसटते. दाब जरा अधिक पडला तर परात ओलांडून थेट पलंगाखाली जाते, आणि ती शोधण्याच्या निमित्ताने मुले उठतात ती परत बसत नाहीत. बोटांना वालाचा तो किंचित उग्र वास दिवसभर राहतो. चित्रकाराला याहून अधिक काय हवे? एका पानावर परात, चार हात आणि एक निसटलेली डाळिंबी. पुढच्या पानावर आजी सांगते आहे की हा सण असूनही आज घरात गोड का नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. शोकाचा दिवस हा मुलांच्या पुस्तकाचा विषय होईल काय? आपल्या बालसाहित्यात सण म्हणजे रोषणाई, नवे कपडे आणि मिठाई असे समीकरण इतके पक्के बसले आहे की दुःखाची आठवण म्हणूनही माणसे एकत्र जेवतात, ही गोष्ट मुलांपासून जणू लपवूनच ठेवली जाते. वास्तविक आपली मुले मोहरमचे ताबूत पाहतात, पितृपक्षात कावळ्यासाठी ठेवलेले पान पाहतात, गुड फ्रायडेच्या दिवशी पोर्तुगीज चर्चकडे निघालेली काळ्या कपड्यांतील माणसे पाहतात, आणि त्यांना प्रश्नही पडतात. उत्तर देण्याचे टाळतो ते आपण. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ज्या भाषेतील मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या रडत रडत वाचली, त्या भाषेतील मुलांना दुःख झेपत नाही असे म्हणणे हास्यास्पद आहे.

वास्तविक ज्यू परंपरेने मुलांचा प्रश्न हा सणाच्या मध्यभागीच बसविला आहे. वल्हांडणाच्या रात्री जे पुस्तक समोर ठेवून जेवण होते, त्या हग्गादाचा आरंभच घरातील सर्वांत लहान मुलाने विचारलेल्या प्रश्नांनी होतो, आणि चार प्रकारच्या मुलांना, ज्याला विचारताही येत नाही त्यालासुद्धा, कसे सांगावे याची व्यवस्था त्यात केलेली आहे. मुलांनी जेवण संपेपर्यंत जागे राहावे म्हणून भाकरीचा एक तुकडा लपवून तो त्यांना हुडकावयास लावण्याची चालही अनेक देशांतील ज्यूंमध्ये आहे. त्यामुळे हग्गादात चित्रे आली यात नवल नाही. तेराशे सालच्या सुमारास जर्मनीत लिहिलेल्या एका हस्तलिखितात तर माणसांना पक्ष्यांची मस्तके काढलेली आहेत. चौदाव्या शतकातील साराजेव्हो हग्गादा जगप्रसिद्ध आहे. आणि १५२६ साली प्राग येथे छापलेल्या सचित्र हग्गादाचा कित्ता पुढे कित्येक शतके गिरविला गेला. आजच्या ज्यू चित्रपुस्तकाचे कुळ शोधू गेल्यास ते येथपर्यंत पोचते.

आणि या कुळाची एक शाखा पुण्यात आहे. बेने इस्रायलांसाठी मराठी भाषांतरासह पहिला हग्गादा मुंबईत १८४६ साली शिळाछापावर निघाला. त्यानंतर १८७४ साली पुण्यास मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनिएल तळकर यांनी हिब्रू आणि मराठी असा सचित्र हग्गादा काढला. त्यातील चित्रांची ठेवण युरोपातल्या हग्गादांवरून घेतलेली आहे हे उघड दिसते. परंतु वल्हांडणाची बेखमीर भाकर तयार करण्याचे चित्र येते तेथे चित्रकाराने युरोप बाजूस सारला. तेथे लुगडी नेसलेल्या बायका बैठक मारून कामास लागल्या आहेत, आणि त्यांच्या बसण्याच्या पद्धतीवरून पीठ मळण्याची सवय त्यांना जन्मापासूनची आहे याबद्दल तिळमात्र शंका राहत नाही. एखाद्या मराठी मुलास हे चित्र दाखवून ‘हे कोण?’ असे विचारले, तर तो ‘आजीच्या गावच्या बायका’ असेच उत्तर देईल. छापील पुस्तकात मराठी ज्यू सणाचे चित्र काढण्याचा प्रश्न ज्या कोणा कारागिराने सन १८७४ मध्ये सोडविला, त्याच्या पुढे एक पाऊल टाकायला आपल्याला दीडशे वर्षे सवड झाली नाही, याला काय म्हणावे?

त्या काळी समाजाने स्वतःसाठी बरेच काही केले. मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे प्रमुख जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे आयुष्यभर केली. केहिमकरांच्या पुढाकाराने १८७५ साली इस्रायली मुलांसाठी शाळा निघाली. माझगावची सर एली कदुरी शाळा ती हीच, आणि रेबेका रूबेन यांच्यासारखी विदुषी तिची मुख्याध्यापिका झाली. १८८० साली तर या मंडळींनी हिंदू हरिदासांचे कीर्तन जसेच्या तसे उचलले, पूर्वरंग-उत्तररंगासह, आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने लावली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतील अग्रगण्य कीर्तनकार. झांजांच्या ठेक्यावर साकी-दिंडीतून फारो राजाची फजिती ऐकणारी भायखळ्याची मुले डोळ्यांसमोर आणावीत.

पण आज तो श्रोता येथे राहिला नाही. १९५० च्या सुमारास सुमारे वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज इस्रायलकडे ओघ लागल्यानंतर ओसरत गेला, आणि आता साऱ्या भारतातील ज्यूंची गणती पाच हजारांच्या आतबाहेर येते. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा अनेक मराठी वाचकांना असा समाज येथे आहे हेच प्रथम समजले. इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक या लोकांनी चालविले आहे, परंतु तेथील नातवंडांची भाषा हिब्रू झाली. आणि मुंबईत जी मोजकी मुले उरली ती बहुधा इंग्रजी शाळांत जातात. तेव्हा बिरड्याच्या सणाचे मराठी चित्रपुस्तक काढल्यास ते वाचणारे मूल बहुधा ज्यू नसेल. ते काळाचौकीचे, भोईवाड्याचे, खेतवाडीचे असेल. घरात वालाचे बिरडे खाणारे, आणि शेजारी कोण राहून गेला याची वार्ता नसलेले. माझ्या मते हेच ते पुस्तक काढण्याचे सबळ कारण होय. एखाद्या समाजाने आपल्या मुलांसाठी पुस्तके काढावीत हे रास्तच, परंतु ज्याच्या ताटात आपल्याच ताटातला पदार्थ आहे, त्याचा सण हा आपल्याही वाङ्मयाचा ऐवज आहे, आणि त्याची जबाबदारी त्या समाजाच्या उरल्यासुरल्या संख्येवर अवलंबून ठेवता येत नाही.

आजच्या मराठी मुलाच्या कानी ‘ज्यू’ हा शब्द पडतो तो बहुतांशी युद्धाच्या बातमीतून, अथवा नोव्हेंबर २००८ मधील हल्ल्याच्या स्मरणातून. सिनेगॉग त्याला दिसते ते बंदोबस्ताच्या शिपायांमागे. अशा वेळी हे पुस्तक काढणे म्हणजे पश्चिम आशियातील कज्जात एक बाजू घेणे होईल, अशी शंका काहींच्या मनात येईल, व ती बोलून दाखविण्याइतके ते प्रामाणिक असतील तर उत्तमच. माझे उत्तर असे, की दोन हजार वर्षे कोकणात राहिल्याचे सांगणाऱ्या माणसांच्या चुलीचा जमाखर्च इस्रायलच्या मंत्रिमंडळाच्या खाती टाकणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. पुस्तकात झेंडा नको, सैनिक नको, आणि ‘आपण सारे एक’ असे शेवटच्या पानावर हात धरून उभे राहिलेले सहा धर्मांचे सहा बालकही नकोत. शालेय पुस्तकांतील त्या सहा बालकांनी सर्वधर्मसमभावाचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे त्याच्या शत्रूंनाही साधले नसेल. टोपी, पगडी आणि क्रूस पाहून कोण कोणाचा हे ओळखण्याची विद्या मात्र मुले त्यातून चोख शिकतात.

चित्रकाराने आणखी एक पथ्य पाळावे. दंतकथा असेल तेथे दंतकथा म्हणूनच सांगावी, आणि ती सांगताना हात आखडू नये. नवगावचे फुटलेले गलबत घ्या. दावीद राहाबी नावाचा ज्यू परदेशी कोकणात आला, त्याने या लोकांची परीक्षा घेण्यासाठी निरनिराळ्या जातींची मासळी बायकांपुढे टाकली, आणि त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी रांधावयास घेतली, ही कथा घ्या. कोळणीच्या पाटीतील बांगडा, सुरमई आणि कोलंबी यांचे पान काढण्याची अशी संधी चित्रकाराला पुन्हा मिळणार नाही. अलिबागजवळच्या सागाव-खंडाळ्याचा तो खडक घ्या, ज्यावर एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा उमटल्या अशी श्रद्धा आहे, आणि जेथे माघाच्या सुमारास त्याच्या नावाने लोक जमतात. अग्निरथातून वर जाणाऱ्या या संदेष्ट्याची तसबीर बेने इस्रायलांच्या घरोघर भिंतीवर असते, आणि तिच्या रंगांत जुन्या कॅलेंडरांवरील देवादिकांशी नाते सांगणारा एक दिलखुलास भडकपणा आहे. नवस फेडताना त्याच्या नावाने जो मलिदा करतात, भिजवलेले पोहे, खवलेला ओला नारळ, साखर, वेलची, वर सुकामेवा आणि भोवती फळे, तो पाहून लालबागच्या चिवडा गल्लीतले पोरही ओळखीचे हसेल. या सर्व सामग्रीत परकेपणा शोधूनही सापडत नाही. आणि जे खरोखर निराळे आहे, शनिवारचा तो बंद घाणा, दारफळणीची ती लावलेली दारे, ते निराळेच ठेवावे, ‘आपल्यासारखेच’ म्हणून रगडून सपाट करू नये.

राहिला प्रश्न पैशाचा. रंगीत छपाईचे चित्रपुस्तक स्वस्त पडत नाही, आणि एवढ्या आडवळणी विषयास गिऱ्हाईक किती, असा हिशेब प्रकाशक करतील तर त्यांना दोष देता येणार नाही. तथापि ज्योत्स्ना प्रकाशनाने माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ सारखी पुस्तके काढून हे दाखवून दिले आहे, की साध्या मराठी घरातील साधी माणसे निगुतीने चितारली तर पालक ती विकत घेतात आणि मुले ती फाटेपर्यंत वाचतात. प्रथम बुक्ससारख्या संस्था एकच गोष्ट अनेक भाषांत काढतात. तेव्हा मराठीच्या जोडीला हिब्रू आवृत्ती काढून ती अश्दोद आणि दिमोना येथील नातवंडांपर्यंत पोचविणे दुर्घट नाही, आणि तेथील आज्यांना नातवंडांपुढे मराठी वाचून दाखविण्यास एक निमित्त मिळेल. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या दप्तरी अनुदानाचे अर्ज आणि मसुदे येतच असतात. त्यांत चोवीस पानांच्या एका बालपुस्तकाचा खर्च मंजूर करणे अवघड पडू नये. मसुदा तयार झाला की तो समाजातील दोन-तीन वृद्ध स्त्रियांना वाचून दाखवावा, कारण वाल किती वेळ भिजतात आणि त्या दिवशी ताटात दुसरे काय असते याची अंतिम रुजुवात कोणत्याही ग्रंथात होणार नाही. आणि पुस्तक ज्येष्ठात बाजारात यावे. दिवाळीची वाट पाहू नये, कारण बिरड्याचा सण त्याच्या आधीच होऊन जातो.